पंप-नियंत्रकाच्या फर्मवेअरसाठी अखंड बिल्ड : प्रकल्प नोंदी, भोसरी, पुणे

३ जून २०२४, सोमवार

शेतीपंपाच्या नियंत्रकासाठी आम्ही जे फर्मवेअर (यंत्राच्या आतच चालणारे सॉफ्टवेअर) लिहितो, त्याची बिल्ड-व्यवस्था (कोडपासून चालवण्याजोगी फाइल बनवणारी व्यवस्था) नव्याने लावण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. भोसरीतील आमच्या गाळ्यात खाली कार्यशाळा आहे आणि माळ्यावर आम्ही सॉफ्टवेअरची मंडळी बसतो. तिथल्या एका लिनक्स मशीनवर जेनकिन्स, म्हणजे बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारे सॉफ्टवेअर, चालते. त्याच मशीनला टेस्ट बेंच (चाचणीची मांडणी) जोडलेला असून त्यावर खरा नियंत्रक बोर्ड एकच आहे. बोर्ड एक आणि त्याला मागणी करणारे अनेक, ही या प्रकल्पातली मुख्य मर्यादा आहे. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय तिच्यापाशी येऊन थांबणार आहेत.

सध्या जेनकिन्समध्ये तीन जॉब आहेत. दर तासाच्या ठोक्याला मुख्य शाखेचा (सर्वांचे बदल जिथे एकत्र येतात त्या कोडचा) पूर्ण बिल्ड होतो, मध्यरात्री बेंचवरच्या लांब चाचण्या सुरू होतात, आणि दर गुरुवारी सकाळी कॅश (आधीच्या बिल्डचे साठवलेले भाग) पुसून पहिल्यापासून बिल्ड केला जातो. तिन्ही कामे घड्याळाला बांधलेली आहेत. त्यांपैकी किती कामांचा घड्याळाशी खरोखर संबंध आहे, हे आधी तपासावयाचे ठरवले आहे, कारण कोड बदलतो तो माणसांच्या कामाने, तास भरला म्हणून नव्हे.

५ जून, बुधवार

तासाच्या बिल्डचे जुने लॉग वाचून काढले. त्यात दोन प्रकारचे नुकसान एकाच वेळी होत असल्याचे दिसते. सकाळी लवकर आणि संध्याकाळनंतर कोणीही काही पुश केलेले (सामाईक सर्व्हरवर पाठवलेले) नसते, तरी तोच कोड पुन्हा पुन्हा कंपाइल होत राहतो. याउलट दुपारी जेवणानंतरच्या तासात तीन-चार जणांचे काम एकदम येऊन पडते, आणि पुढच्या ठोक्याला बिल्ड लाल (अयशस्वी) झाला तर कोणाच्या बदलामुळे झाला हे शोधण्यात उरलेला दिवस जातो. गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या, संशयित बदल निम्मे करत जाणाऱ्या बायसेक्टने सोळा कमिटांतला (नोंदवलेल्या बदलांतला) दोषी कमिट चार चाचण्यांत सापडतो, हे खरे आहे; पण ज्या प्रश्नाचे उत्तर आपोआप समोर यायला हवे, त्यासाठी बायसेक्ट चालवावा लागणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून तासाचा जॉब बंद केला. त्याऐवजी गिट सर्व्हरवर पोस्ट-रिसीव्ह हुक (बदल पोचताच आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लिहिला असून मुख्य शाखेवर पुश झाला की तो जेनकिन्सला कळवतो. दर काही मिनिटांनी जेनकिन्सनेच रिपॉझिटरी तपासत राहण्याचाही पर्याय होता, परंतु त्यात बदल नसतानाही विचारणा चालू राहते आणि बदल झाल्यावर पुढच्या विचारणेपर्यंत थांबावे लागते. जेनकिन्सचा शांतता-कालावधी (विनंती आल्यावर बिल्ड सुरू करण्यापूर्वी थांबण्याचा वेळ) मुळात पाच सेकंदांचा असतो. एखादा सहकारी पुश केल्यावर लगेच राहिलेली फाइल पुन्हा पुश करतो, असे आमच्याकडे नेहमी घडत असल्याने तो वाढवून एक मिनिट केला.

हुक लावल्यावर रांग वाढत जाईल, अशी शंका सहकाऱ्यांनी व्यक्त केली. तसे होत नाही, कारण एकाच जॉबच्या, समान पॅरामीटर असलेल्या विनंत्या रांगेत थांबलेल्या असतील तर जेनकिन्स त्यांची एकच विनंती करते. त्यामुळे एक बिल्ड चालू आणि फार तर एक थांबलेला, अशीच स्थिती राहते, आणि थांबलेला बिल्ड सुरू होताना शाखेचे सर्वांत ताजे रूप उचलतो. मुख्य शाखेसाठी हे वर्तन मला मान्य आहे. प्रत्येक कमिटचा स्वतंत्र निकाल फक्त रिलीज शाखेवर हवा असल्यामुळे तिथे कमिटचा क्रमांक पॅरामीटर म्हणून पाठवला आहे, म्हणजे विनंत्या एकत्र होत नाहीत.

६ जून, गुरुवार

साप्ताहिक स्वच्छ बिल्ड आज झालाच नाही. सकाळी देखभालीच्या कामासाठी वीज गेली आणि यूपीएस संपल्यावर मशीन बंद पडले. या परिसरातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते आणि विजेची दुरुस्तीही त्याच दिवशी काढली जाते. कार्यशाळा बंद असल्याने बेंच मोकळा असेल, या विचाराने कोणीतरी गुरुवार निवडला असावा. तो विचार चुकीचा नव्हता, पण मोकळ्या बेंचबरोबर मोकळी वीजवाहिनीही मिळते, हे त्यात धरले गेले नाही.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. साधा क्रॉन (लिनक्सचे ठरल्या वेळी कामे चालवणारे साधन) हुकलेली वेळ नंतर भरून काढत नाही. ठरलेल्या मिनिटाला मशीन बंद असेल, तर ते काम थेट पुढच्या वेळेपर्यंत गेले, आणि त्याबद्दल कोणताही निकाल, लाल किंवा हिरवा, कुठेही उमटत नाही. आठवडाभर सर्वांना मागचाच हिरवा निकाल दिसत राहतो, ही यातली खरी धोक्याची बाब आहे. सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाच्या टायमरला ‘पर्सिस्टंट’ ही सोय आहे. ती चालू केली की मशीन पुन्हा सुरू झाल्यावर हुकलेले काम लगेच केले जाते. साप्ताहिक बिल्डची सुरुवात त्या टायमरकडे सोपवली आणि वार बदलून रविवार केला.

११ जून, मंगळवार

मध्यरात्रीच्या चाचण्या सकाळी साडेदहापर्यंत बेंच अडवून ठेवतात, अशी कार्यशाळेच्या पर्यवेक्षकांची जुनी तक्रार होती. कारण आज सापडले. मशीनचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, त्यामुळे वेळापत्रकातले शून्य तास शून्य मिनिटे म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. चाचण्यांना सुमारे पाच तास लागतात, आणि पर्यवेक्षकांनी सांगितलेली वेळ त्याच्याशी तंतोतंत जुळते.

जेनकिन्समध्ये वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत टाइमझोन लिहिता येतो, म्हणून तिथे एशिया/कोलकाता असे लिहून टाकले. मशीनचे घड्याळ मात्र यूटीसीवरच ठेवले आहे, कारण लॉगमधल्या वेळा एका प्रमाणात असणे मला सोयीचे वाटते. ज्या ठिकाणी टाइमझोन देता येत नाही तिथे आकडेमोड स्वतः करावी लागते आणि त्यात दोनदा अडखळायला होते. आपला फरक साडेपाच तासांचा असल्याने केवळ तासाचा रकाना बदलून भागत नाही, मिनिटाचाही बदलावा लागतो. आपल्या मध्यरात्रीसाठी ‘३० १८ * * *’ (अनुक्रमे मिनिट, तास, तारीख, महिना, वार) असे लिहावे लागते. दुसरे असे की, आपल्याकडे सोमवार सुरू होतो त्या मध्यरात्री यूटीसीत अजून रविवार असतो, म्हणून वाराचा रकानाही एकने मागे न्यावा लागतो. उन्हाळी वेळेचा बदल भारतात नसल्यामुळे एकदा केलेली आकडेमोड वर्षभर टिकते, एवढा दिलासा आहे.

कोडच्या शैलीची तपासणी आम्ही आपोआप कामे चालवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, गिटहब अ‍ॅक्शन्सवर नेणार आहोत, म्हणून तिथले नियमही वाचले. तिथे वेळापत्रक यूटीसीत असते, दोन फेऱ्यांमधले अंतर पाच मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही, आणि काम डीफॉल्ट शाखेच्या शेवटच्या कमिटवरच चालते. तासाच्या सुरुवातीला भार जास्त असल्याने उशीर होऊ शकतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिलेले आहे; सार्वजनिक रिपॉझिटरीत साठ दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रक आपोआप थांबते, हेही. त्यामुळे तिथल्या कामाला मिनिट देताना शून्य टाळून सतरा दिले.

१४ जून, शुक्रवार

नव्या सहकाऱ्यांसाठी क्रॉनच्या रकान्यांविषयी लिहून ठेवणे आवश्यक वाटले, कारण ‘दर इतक्या मिनिटांनी’ असे वाचले जाणारे चिन्ह प्रत्यक्षात तसे वागत नाही. मिनिटाच्या रकान्यात ‘*/२५’ लिहिले तर काम शून्य, पंचवीस आणि पन्नासाव्या मिनिटाला होते, आणि मग पुन्हा शून्याला. म्हणजे दोन वेळा पंचवीस मिनिटांचे अंतर आणि तिसऱ्यांदा दहाच मिनिटांचे. क्रॉन मागच्या फेरीपासून मोजत नाही. तो फक्त रकान्यातला आकडा त्या संख्येच्या पायरीवर येतो का, एवढे पाहतो. तारखेच्या रकान्यात ‘*/३’ लिहिले तर ३१ दिवसांच्या महिन्यात ३१ तारखेला काम होते आणि लगेच दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, पुन्हा होते. दर नव्वद मिनिटांनी हे तर एका ओळीत लिहिताच येत नाही.

लिनक्सच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले, तर दोहोंपैकी एक जुळले तरी काम चालते. महिन्याच्या पहिल्या रविवारी लॉगचा बॅकअप घ्यावा म्हणून एक ते सात तारखा आणि रविवार असे लिहिलेली ओळ आमच्या मशीनवर होती. ती पहिले सातही दिवस आणि शिवाय प्रत्येक रविवारी चालत होती. आता वाराची तपासणी स्क्रिप्टच्या आत नेली आहे.

जेनकिन्समध्ये मिनिटाच्या जागी एच हे अक्षर देता येते. जॉबच्या नावावरून हॅश (एक ठरावीक आकडा) काढून त्यातून मिनिट ठरवले जाते, त्यामुळे सगळे जॉब तासाच्या ठोक्यावर एकदम उठत नाहीत, आणि प्रत्येक जॉबचे स्वतःचे मिनिट मात्र रोज तेच राहते. जिथे नेमकी वेळ महत्त्वाची नाही, तिथे आम्ही सगळीकडे एच वापरणार आहोत.

१८ जून, मंगळवार

आजच्या कामाने माझ्या दृष्टीने प्रकल्पाची दिशाच बदलली.

‘बिल्ड अखंड चालू ठेवा’ अशी मूळ मागणी होती. तिचा शब्दशः अर्थ घेतला तर एक बिल्ड संपताच दुसरा सुरू करायचा. पण त्याच कमिटचा पुन्हा बिल्ड करून नवे काय कळते, हे तपासण्यासाठी एकाच कमिटचे लागोपाठ दोन बिल्ड करून त्यांचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) ताडून पाहिले, तर ते वेगळे आले. कोडमध्ये आवृत्तीच्या संदेशासाठी कंपाइलरचे तारीख आणि वेळ देणारे मॅक्रो (कंपाइल होताना ज्यांच्या जागी मजकूर भरला जातो ते शब्द) वापरलेले होते, आणि त्यामुळे प्रत्येक बिल्डची बायनरी फाइल निराळी ठरत होती. जीसीसी या कंपाइलरच्या आवृत्ती ७ पासून तो ‘सोर्स डेट इपॉक’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (बाहेरून दिलेले मूल्य) मानतो आणि मॅक्रोंना त्यातली वेळ देतो. त्यात कमिटची वेळ भरली. याशिवाय फोल्डरचा पूर्ण मार्ग असर्टच्या (कोडमधल्या स्व-तपासणीच्या) संदेशांत जात होता, तो कंपाइलरच्या पर्यायाने तोडला. आता एका कमिटची बायनरी कधीही आणि कोणत्याही फोल्डरमध्ये बनवली तरी शेवटच्या बाइटपर्यंत सारखीच येते.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. कोड आणि साधने तीच असतील तर पुन्हा कंपाइल करून काहीही नवे हाती लागत नाही, हे आता गृहीतक राहिलेले नसून चेकसमने पडताळता येते. पुन्हा पुन्हा करण्याजोगी असते ती चाचणी, कारण बोर्ड, तापमान, विजेचा दाब आणि सिग्नलांची नेमकी वेळ या गोष्टी प्रत्येक फेरीत निराळ्या असतात. म्हणून कामाचे तीन भाग केले. बिल्ड बदलाला बांधला. साधनांच्या नव्या आवृत्त्यांमुळे काही मोडते का हे पाहणारा स्वच्छ बिल्ड घड्याळाला बांधला, कारण बाहेरचे जग आपल्या कमिटची वाट पाहत नाही. आणि चाचणी मागच्या चाचणीच्या शेवटाला बांधली.

२१ जून, शुक्रवार

अखंड चाचणीचा जॉब तयार झाला. तो सर्वांत ताजी हिरवी बायनरी उचलतो, बोर्डवर भरतो, रीसेट देतो, मॉडबस या उपकरणांच्या संवाद-पद्धतीवरून आज्ञा पाठवून उत्तरे तपासतो, निकाल नोंदवतो आणि थांबतो. एका फेरीला सुमारे सहा मिनिटे लागतात. पुढची फेरी सुरू करणारा टायमर घड्याळाकडे न पाहता मागची फेरी संपल्यापासून मोजतो, त्यामुळे फेरी लांबली तरी दोन फेऱ्या एकमेकींवर चढत नाहीत. बेंचसाठी एकच कुलूप-फाइल (ती ज्याच्याकडे, त्यालाच बेंच वापरता येतो) ठेवली असून जेनकिन्सचे जॉब आणि कार्यशाळेतली हाताने चालवायची स्क्रिप्ट हे दोघेही एफलॉक या आज्ञेने तेच कुलूप मागतात. दिवसा कार्यशाळेला अग्रक्रम आहे; त्यांनी मागणी नोंदवली की चालू फेरी पूर्ण होते, पण नवी सुरू होत नाही.

एकाच लांबलचक जॉबमध्ये अनंत लूप लिहिण्याचा सोपा मार्ग मी मुद्दाम टाळला. फेरीगणिक स्वतंत्र नोंद असावी, तिच्यात कमिट, चेकसम, बोर्डचा क्रमांक आणि सुरुवातीची वेळ असावी, असा माझा आग्रह आहे. निकाल कशाचा आहे हे त्या निकालावरच लिहिलेले नसेल, तर पुढे त्याचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही.

किती फेऱ्या पुरेशा, असा प्रश्न बैठकीत आला. एखादा दोष शंभर फेऱ्यांत सरासरी एकदा दिसत असेल, आणि तो एकदा तरी दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३०० फेऱ्या लागतात. दोष हजारात एकदा दिसणारा असेल तर ३००० च्या आसपास. सहा मिनिटांच्या हिशेबाने ३०० फेऱ्यांना तीस तास होतात. म्हणजे रोजच्या रात्री आणि रविवार धरला तर आठवड्यात शतांश दर्जाचे दोष उघड व्हायला हवेत, पण सहस्रांश दर्जाच्या दोषांसाठी एक बोर्ड अपुरा आहे. दुसऱ्या बोर्डाची मागणी याच आकड्यांसह लिहून दिली आहे.

२५ जून, मंगळवार

रात्रीच्या काही फेऱ्या लाल आल्या. बोर्ड रीसेटनंतर जागा होतो, पण ईईप्रॉममधून (वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या मेमरी चिपमधून) सेटिंग वाचताना अडकतो आणि मॉडबसला उत्तर देत नाही. पुढची फेरी पुन्हा रीसेट देते, तरीही तो अडकलेलाच राहतो. जुन्या मध्यरात्रीच्या चाचण्यांत हे कधीही दिसले नव्हते. ‘बेंचचीच काही तरी गडबड आहे, पुन्हा चालवा’ अशी सूचना आली. ती मी मान्य केली नाही. अधूनमधून लाल होणारी चाचणी पुन्हा चालवून हिरवी करून घेण्याची सवय एकदा लागली, की अखंड चाचणीवर केलेला खर्च वाया जातो. लाल फेरीनंतर आपोआप पुनःप्रयत्न होणार नाही, असा नियम केला.

१ जुलै, सोमवार

दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी असल्याने बरेच रस्ते बंद होते आणि सर्वांनी घरूनच काम केले. बोर्ड रात्रीच अडकला होता. त्याची वीज काढून पुन्हा देणारे तिथे कोणी नसल्याने दिवसभर बेंच निकामी राहिला. बोर्डाच्या वीजपुरवठ्यात यूएसबीवरून चालणारा रिले बसवण्याचे हार्डवेअरच्या सहकाऱ्यांनी मान्य केले आहे. फेरी लाल झाली तर आधी बोर्डावरच्या सिग्नल लाइनींची स्थिती नोंदवायची आणि मगच वीज तोडायची, हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीच वीज तोडली तर पुरावाच पुसला जातो.

४ जुलै, गुरुवार

कारण सापडले. लॉजिक अ‍ॅनलायझर (सिग्नल टिपणारे उपकरण) लावून पाहिले असता, अडकलेल्या स्थितीत आयटूसीची (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या वाहिनीची) डेटा लाइन सतत खाली (शून्यावर) धरलेली दिसली. ईईप्रॉम मायक्रोकंट्रोलरला (बोर्डावरच्या मुख्य चिपला) बाइट पाठवत असताना मध्येच रीसेट आला, तर मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होतो. ईईप्रॉमला मात्र रीसेटची स्वतंत्र पिन नसते आणि त्याची वीजही गेलेली नसते. ते अर्धवट राहिलेल्या बाइटचा पुढचा बिट धरून क्लॉकची (बिटांना ताल देणाऱ्या सिग्नलची) वाट पाहत राहते. तो बिट शून्य असेल तर डेटा लाइन खालीच राहते, मायक्रोकंट्रोलरला लाइन व्यग्र दिसते, आणि दोघेही एकमेकांसाठी थांबून राहतात. रीसेट कितीही वेळा दिला तरी हे सुटत नाही, वीज काढल्यावरच सुटते.

जुन्या वेळापत्रकात प्रत्येक लांब चाचणीच्या आधी बोर्डाची वीज बंद-चालू केली जात असे, म्हणून हा दोष झाकलेला राहिला. फेरीला फेरी लागून येऊ लागल्यावर मागच्या फेरीच्या अखेरीस फर्मवेअर सेटिंग वाचत असतानाच रीसेट पडू लागला, आणि दोष वर आला. शेतावर हीच परिस्थिती सहज उद्भवू शकते. विजेचा दाब क्षणभर खाली गेला किंवा वॉचडॉगने (प्रोग्राम अडकल्यास रीसेट देणाऱ्या टायमरने) रीसेट दिला, तर नियंत्रकाची वीज पूर्ण न जाता फक्त मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होतो. त्या वेळी ईईप्रॉमचे वाचन चालू असेल तर पंप सुरू होणार नाही आणि शेतकऱ्याला मेन स्विच बंद-चालू करण्यासाठी विहिरीपर्यंत जावे लागेल, बहुतेक वेळा रात्री, कारण शेतीला थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच मिळते. हा दोष माल गाळ्याबाहेर पडण्यापूर्वी सापडला याचे मला मनापासून समाधान आहे.

९ जुलै, मंगळवार

दुरुस्ती छोटी आहे. सुरुवातीला आयटूसी चालू करण्यापूर्वी डेटा लाइन तपासायची, ती खाली असेल तर ती सुटेपर्यंत क्लॉक लाइनवर जास्तीत जास्त नऊ पल्स द्यायच्या, आणि मग स्टॉप स्थिती निर्माण करायची. आठ बिट आणि एक पोच मिळून नऊ होतात, म्हणून ईईप्रॉम बाइटच्या कोणत्याही टप्प्यावर अडकले असले तरी तेवढ्यात लाइन सोडते.

दुरुस्तीची खात्री करण्यासाठी योगायोगावर अवलंबून राहायचे नाही, असे ठरवले. नव्या चाचणीत ईईप्रॉमचे वाचन सुरू झाल्यावर यादृच्छिक अंतराने मुद्दाम रीसेट दिला जातो. यादृच्छिक संख्येचे बीज (ज्यावरून तो क्रम ठरतो तो आकडा) फेरीच्या नोंदीत लिहिले जाते, म्हणजे एखादी फेरी लाल झाली तर तोच क्रम पुन्हा देता येईल. जुन्या फर्मवेअरवर ही चाचणी काही मिनिटांत लाल होते. नव्या फर्मवेअरवर ती अद्याप हिरवी आहे, परंतु २१ जूनच्या हिशेबाप्रमाणे ठरलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय रिलीज शाखेत बदल घेतला जाणार नाही.

१२ जुलै, शुक्रवार

रिले बसला. पर्यवेक्षकांच्या विनंतीवरून बेंचवर एक दिवा लावला आहे. अखंड चाचणीने कुलूप घेतलेले असताना तो पेटतो, म्हणजे खालच्या मंडळींना माळ्यावर येऊन विचारावे लागत नाही. फेऱ्यांच्या लॉगने डिस्क भरू नये म्हणून हिरव्या फेऱ्यांचा फक्त सारांश ठेवायचा आणि लाल फेऱ्यांचे सगळे जपायचे, असे ठरले. दुसरा बोर्ड मंजूर झाला असून तो आल्यावर कुलूप-फाइल एकाऐवजी दोन कराव्या लागतील आणि फेरीने मोकळा असलेला बोर्ड निवडण्याचे काम जेनकिन्सच्या लेबलकडे द्यावे लागेल. ते काम सोमवारी सुरू करतो.